हळदीला डीजे नको

२० एप्रिल, रविवार

परत धने-जिऱ्याचं पाणी! सासूबाईंनी तांब्याभर भिजवलेलं, जयेश उठल्या उठल्या घटाघट प्यायला आणि धावला मोरीत. बाहेर आला, परत धावला. विचारलं तर सासूबाई म्हणतात, "उन्हाली लागलीय त्याला." लघवीला जळजळ म्हणजे उन्हाळी, एवढं मलाही कळतं. एप्रिलात ऊन आहे, तेही कबूल. पण लग्न झालं फेब्रुवारीत आणि तेव्हापासून हे चालू आहे. थंडीत कसली उन्हाळी लागते?

दोन महिने झाले मला या घरात. नवरा दोनदा जवळ आला. दोन्ही वेळा कळवळून बाजूला झाला, "पाठीत उसण भरली" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. आता तर येतच नाही. कुणाला विचारू? आईला विचारलं तर ती रडत बसेल.

२४ एप्रिल

सासूबाई कोलंबी सोलता सोलता हळूच — "या महिन्यान पाली आली का गो?" आली म्हटलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मनात म्हटलं, अहो आई, पाळी चुकायला आधी काहीतरी घडावं लागतं!

२७ एप्रिल, रविवार

लग्नाचे फोटो आले. हळदीच्या फोटोत जयेश कानापर्यंत पिवळा आणि खो खो हसतोय. हा माणूस मला का आवडला ते आठवलं. बोलणी चालली होती तेव्हा मी एकच अट घातलेली — हळदीला डीजे नको. डीजे लावलात तर मी बोहल्यावर चढणार नाही. माहेरी खडवलीला चुलतभावाच्या हळदीत आमच्या आबांच्या छातीत दुखायला लागलं, ते ओरडत होते आणि शेजारी बसलेल्यालाही ऐकू गेलं नाही. आबा गेले. हे सांगितलं तर यांच्याकडचे सगळे फुरंगटले. कोळीवाड्यात डीजेशिवाय हळद? नाक कापलं जाईल! जयेश एकटा म्हणाला, "तिला नको तर नको. बेंजो आणा." मग सासूबाईंनीही ऐकलं. हळदीच्या दिवशी येईल त्याला सांगत होत्या म्हणे, डीजे कारला, सुनेला चालत नय. (कारला म्हणजे काढला.)

माझ्यासाठी सगळ्या गावाशी भांडला तो जयेश आणि हा भिंतीकडे तोंड करणारा जयेश, एकच का? माझ्यात काय कमी दिसलं याला? आरशात बघून घेतलं. आहे तशीच आहे.

३ मे

डोंबिवलीच्या फॅमिली डॉक्टरांनी परत तेच सांगितलं, युरिन इन्फेक्शन. गोळ्यांचा दुसरा कोर्स. पहिल्या कोर्सला चार दिवस बरं वाटलेलं, मग येरे माझ्या मागल्या. डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी प्या. पाणी प्यायलं की धावावं लागतं, धावलं की जळजळतं, जळजळलं की परत पाणी. यातून सुटका कशी व्हायची?

८ मे

आज रक्त बघितलं.

शीळफाट्याच्या गोडाऊनवरून बाईकने आला. तिकडे खड्ड्यात रस्ता शोधावा लागतो. आला तो थेट मोरीत. त्याच्यामागून मी गेले तर लादीवर लालसर ओघळ! बाहेर येऊन विचारलं तर म्हणाला, "बीट खाल्लं ग दुपारी." बीट! या घरात मावऱ्याशिवाय पिशवीत दुसरं काही येत नाही, डब्यात बोंबील असतात. बीट कुठून उगवलं?

खोटंही धड बोलता येत नाही याला. दया आली आणि संतापही आला.

११ मे, रविवार

पाणी भरायला मागच्या दारी गेले तर मायलेकांची कुजबुज. सासूबाई — "बायकोला नको सांगू. आता काय उपेग नय." जयेश — "पण आई, ती समजेल..." मी हंडा आपटला. दोघं पांगली.

काय नको सांगू? बाई आहे का कोणी? की कुठून रोग आणलाय? स्टेशनबाहेरच्या भिंतीवर त्या गुप्तरोगाच्या जाहिराती असतात, त्या डोळ्यांसमोर नाचायला लागल्या. की लग्नाआधीपासूनच काहीतरी होतं आणि मला फसवलं? मी ठाण्यात कोर्टासमोर उत्तम सर म्हणून वकील आहेत त्यांच्याकडे टायपिंग करते. घटस्फोटाचे किती अर्ज या हातांनी टाइप केले असतील! प्रत्येकीला वाटायचं आपलंच असं का. आता मला वाटतंय.

पिशवी भरली. उद्या खडवली. एकदा गेले की परत यायची नाही.

१२ मे

गेले नाही. त्याला हुडहुडी भरून ताप आलाय. आजारी माणसाला टाकून जाता येत नाही. बरा झाला की जाईन.

१४ मे

उत्तम सरांनीच ठाण्यातल्या युरोलॉजिस्टचं नाव दिलं. मला वाटायचं तो पुरुषांचा डॉक्टर. तर बाकावर निम्म्या बायका! एकीला हसली-खोकली की थेंब सुटतो, एकीला खडा. आणि सगळ्या मोठमोठ्याने सांगत होत्या. आमचंच तेवढं गुपित.

डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला फटकळ. कधीपासून, कितीदा, धार कशी, रक्त आधी येतं की शेवटी, दुखतं कुठे. जयेश माझ्याकडे बघत बघत उत्तरं देत होता. "पूर्वी काही ऑपरेशन?" जयेश लगेच — "नाही." "मुतखडा?" "नाही." "पतिपत्नींचे संबंध?" मीच म्हणाले, "नाहीत." बाईंनी दोघांकडे बघितलं. लघवीची तपासणी, कल्चर, रक्त, सोनोग्राफी, एक्स-रे लिहून दिले. तापासाठी इंजेक्शन चालू.

१६ मे, शुक्रवार

काय लिहू?

बाईंनी एक्स-रे उजेडात लावला. कमरेपासून खाली ओटीपोटापर्यंत एक लांब पांढरी रेघ, वरचं टोक वळलेलं, खालचंही वळलेलं, दोन्हीकडे मासे धरायच्या गळासारखं. बाई जयेशला म्हणाल्या, "हा स्टेंट आपोआप उगवत नाही. ऑपरेशन कधी झालं?" जयेशने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

जानेवारीत झालेलं. खडा किडनीखालच्या नळीत अडकलेला, कल्याणच्या हॉस्पिटलात लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून फोडला. लग्न तोंडावर! सासूबाई म्हणाल्या, त्या जागेचं ऑपरेशन म्हटलं की पोरीकडचे म्हणतील नवरा कामाचा नाही. म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवली. मी शेजारी बसलेली म्हणून तो परवा डॉक्टरसमोरही "नाही" म्हणाला. अरे देवा! बायकोला कळू नये म्हणून डॉक्टरला फसवायचं?

बाईंनी नीट समजावलं. खडा काढल्यावर आतली वाट सुजते, ती बंद पडून किडनी तुंबू नये म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत मऊ नळी ठेवतात. काही आठवड्यांत काढायची असते. यांची तशीच राहिली. तिचं टोक मूत्राशयाला टोचतं, म्हणून जळजळ, रक्त, सारखं धावणं. तिच्यावर खडा चढायला लागलाय. असंच वर्षभर राहिलं असतं तर किडनी गेली असती. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जवळ येताना त्यांना दुखणारच. यात तुमचा दोष नाही, त्यांचाही नाही."

मी तिथेच हुंदके द्यायला लागले. बाई नाही, रोग नाही, मी नको होते असंही नाही. एक नळी! रिक्षात जयेश म्हणाला, "मला वाटलं ऑपरेशनने मी कायमचा गेलो. तुला काय तोंड दाखवू?" मी त्याचा हात धरला आणि भांडलेही. दोन्ही एकदम.

१७ मे

पण नळी राहिली कशी? सासरे म्हणजे दामाजी शपथेवर सांगतात, "डॉक्टर बोलला नली हाय. घरी सोरताना नर्सनं माझ्यासमोर कारली, पिशवीसकट!" ती लघवीच्या पिशवीची नळी. एक बाहेरची, एक आतली, आणि या घरात दोन्ही "नली". जयेश गुंगीत. बरं, हे चुकले. पण हॉस्पिटलवाल्यांनी एक फोन करू नये?

पिशवी रिकामी केली. साड्या कपाटात परत.

२१ मे

निघाली. दुर्बीण घालून, थोडं खरवडून, पण निघाली. संध्याकाळी घरी. सासूबाई पायरीवर थांबलेल्या, माझ्याकडे बघेनात. मीही पाय धुवून आत गेले. एवढ्यात माफ करायची नाही मी त्यांना.

२४ मे

जयेश आता धावत नाही. बाईकही चालवत नाही. आज भिंतीकडे मी तोंड केलेलं, तर म्हणाला, "इकडे बघ ना." बघितलं. पुढचं लिहीत नाही!

२६ मे, सोमवार

कल्याणच्या हॉस्पिटलला सोडणार नाही. एका माणसाची किडनी जात होती, एका बाईचा संसार. उत्तम सरांना विचारून नोटीस टाइप केली. "आपण रुग्णास वा त्याच्या कुटुंबास कोणतीही सूचना दिली नाही." जयेश म्हणतो, जाऊ दे ग. का जाऊ दे? कोणीतरी जबाबदार असेलच ना!

२७ मे

डिस्चार्जची तारीख विचारायला हॉस्पिटलला फोन केला, स्पीकरवर, सासूबाई शेजारीच. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, फेब्रुवारीत मीच फोन केलेला. मागे बेंजो वाजत होता, म्हणून लक्षात आहे. त्या स्टेंटला आम्ही डीजे म्हणतो, डबल-जे, दोन्ही टोकं J सारखी वळलेली म्हणून. मी बोलले, जयेशचा डीजे काढायचाय. ज्या बाईंनी फोन उचलला त्या बोलल्या, काढला, कधीच काढला! कुठे काढला विचारलं, तर बोलल्या, इथेच गावात."

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "मना वाटला तुझे माहेरची पोर इचारते. मी बोल्ली, कारला गो बाय, सुनेचा हुकूमच हाय तसा."

नोटीस फाडली. काढायची तर आता माझ्याच नावाने.