यंत्रबाईंच्या तोंडचा ‘आपण’

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक विभाग.

विषय : यंत्रबाईंच्या बोलण्यातून ‘आपण’ हा शब्द काढणे व माझ्या नातीचे नाव पटावर राहू देणे.
संदर्भ : नाव कमी करण्याबाबत मुख्याध्यापकांचे आजचे पत्र.

महोदय,

माझी नात चौथीत आहे. तिचा घरचा अभ्यास शाळेने दिलेल्या टॅबमधल्या शिक्षिका घेतात. आम्ही त्यांना यंत्रबाई म्हणतो. आवाज साखरेत घोळलेला. भागाकार चुकला की म्हणतात, "आपण थोडंसं चुकलो. काही हरकत नाही!" एका दुपारी मी मोजले, एकोणचाळीस वेळा. शेवटी नात किंचाळली, "तू कुठे चुकलीस? मीच चुकले ना!" आणि रक्त येईपर्यंत स्वतःच्या मनगटाला चावली. बाई म्हणाल्या, काही हरकत नाही.

सोमवारी तिने वर्गात शेजारच्या मैत्रिणीच्या कपाळावर स्टीलची बाटली हाणली. भुवई फाटली, चार टाके पडले. मैत्रीण खाली पडलेली, रक्ताने माखलेली, आणि नात त्याच गोड आवाजात म्हणाली, "आपण थोडंसं पडलो. काही हरकत नाही." वर्गशिक्षिका म्हणतात, बाटलीपेक्षा त्या वाक्याने त्यांना कापरे भरले. मलाही भरले.

आमच्या गुरुजींच्या पट्टीने माझी करंगळी मोडली. अजून वाकडी आहे. त्यांची भलामण मी करणार नाही. ते गेले तेव्हा मी रडलेही नाही. पण चुकले कोण आणि मारले कोणी, यात साठ वर्षांत माझा कधी घोटाळा झाला नाही.

टॅब नातीने फोडला, असे पत्रात आहे. ते खोटे आहे. मंगळवारी ती घरी बसलेली असताना बाईंनी विचारले, "आज आपण आनंदात आहोत ना?" मी हातोडी काढली. एकतीस वर्षे छापखान्यात पुस्तकांची बांधणी केली, नेम अजून शाबूत आहे. पहिल्या घावाला काच गेली, तरी बाई बोलतच होत्या. सातव्याला थांबल्या. टॅब मी फोडला.

बाईंनी साध्या आवाजात "तू चुकलीस" म्हणावे, एवढेच मागणे आहे. मैत्रिणीला मारल्याची शिक्षा नातीला जरूर करावी, पण शाळेत ठेवून. या अर्जात ‘आपण’ फक्त साहेबांसाठी, मानाने वापरीन : आपण तिचे नाव कमी करू नये.

आपली नम्र,
चौथी ‘ब’मधल्या त्या मुलीची आजी
बुधवार, १४ जुलै

सोबत :
१) टॅबचे तुकडे, खोक्यात. काच हाताला लागेल, जपून उघडावे.
२) नातीने मैत्रिणीला लिहिलेले माफीपत्र. पहिल्या शब्दावर काट मारून वर ‘मी’ लिहिले आहे. खाडाखोड तिचीच आहे.