लाल बटनाची उंची

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. जिवंत होतात तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती. आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी, आणि तुम्ही शिकवायला लागलात की मुलंसुद्धा शिंक दाबून धरायची. आज मात्र माझं डोकं फिरलं आहे. जिच्यामुळे फिरलं ती माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्यावर चिडून काय करू? म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तिला या सुट्टीत गेमचं कपाट हवं आहे. पूर्वी एसटी स्टँडाजवळच्या दुकानात असायचं तसं, उभ्यानं खेळायचं, समोर पडदा आणि खाली दांडी नि बटनं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे घरात वायरींना तोटा नाही. जुना कॉम्प्युटर होता, मोडलेल्या दिवाणाचा प्लाय होता. कपाट चार दिवसांत उभं राहिलं. राहिली होती ती बटनांची फळी. तिचा नकाशा मी इंटरनेटवर शोधला, डोणगावला जाऊन खऱ्या मापात छापून आणला आणि प्लायवर चिकटवला. डावीकडे दांडी, उजवीकडे तीन-तीनच्या दोन ओळींत सहा बटनं. भोकं पाडायच्या आधी मुलीला म्हटलं, हात ठेवून बघ. पहिलं बटन तिच्या बोटाखाली आलं, दुसरं आलं, आणि तिसरं गाठायला तिला अख्खं मनगट उचलावं लागलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, हे कोनाच्या हाताचं हाय?"

साधा प्रश्न. तो मी तुम्हाला विचारायला पाहिजे होता, आणि मी विचारला नाही याचा मला अजून संताप येतो.

तुम्हाला आठवत नसेल. तुमच्यासाठी तो एक दिवस होता. आम्हाला चक्कीची मोटार चालू-बंद करायचा स्टार्टर बोर्ड मांडायचा असतो. तुमची रीत ठरलेली. आधी खोक्याचा पुठ्ठा भिंतीला लावायचा, फळ्याखाली साचलेली खडूची पूड तळहाताला फासायची, डोळे झाकून पुठ्ठ्यावर हात मारायचा. ठसा जिथे उमटेल तिथे लाल बटन. "लाल बटन डोये झाकून सापडलं पायजे," तुम्ही म्हणता, "बंद करा लागते तवा पाहाले टाइम नसते." किती खरं बोलता तुम्ही! मी जीव लावून ऐकते. माझी पाळी येते तेव्हा मी डोळे झाकून हात मारते, माझ्या छातीच्या उंचीला छोटासा पांढरा पंजा उमटतो आणि मी तिथे लाल बटन काढते. तुम्ही येता, पुठ्ठा बघता आणि टराटरा ओढून काढता. "काऊन वं? हा बोर्ड तुह्या सैपाकघरात लावाचा हाय काय? चक्की माणूस चालवते. माणसाचा हात घे." मग मागच्या बाकावरच्या सगळ्यात उंच मुलाला पुढे बोलावता. तो हात उंच ताणून मारतो, त्याचा पंजा नव्या पुठ्ठ्यावर उमटतो, माझ्या डोक्याच्याही वर, आणि सगळा वर्ग हसतो. त्याच्या हाताच्या मापानं बोर्ड मांडून मी वर्गात पहिली येते. निरोपाच्या दिवशी तुम्ही मला कागदात गुंडाळून तुमचा स्वतःचा सेंटर पंच देता, भोक पाडायच्या आधी खूण ठोकायचा. म्हणता, "पोरगी असून हात साफ हाय तुहा." त्या "पोरगी असून"वर मी आनंदानं रडले होते, सर. आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

चक्की माणूस चालवते म्हणालात. आमची चक्की आई चालवायची. बाबा शेतात असत, सकाळी पट्टा चढवण्यापासून संध्याकाळी जातं झाडण्यापर्यंत सगळं तीच करायची. तुम्ही कधी गावातल्या चक्कीवर दळण घेऊन उभे राहिला होतात का? नसणारच, दळण बाईच घेऊन येते. तुमच्या हिशेबात ती दोन्हीकडे नव्हती. आमच्या चक्कीत बोर्ड लागला तो तुमच्या मापाचा लागला, उंच, ऐटदार, उंच पोराच्या हाताचा. आई बुटकी. बंद करायला ती तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर चढायची. कितीतरी महिने असंच चाललं, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग एका दुपारी तिचा पदर पट्ट्यात गेला. डबा जागेवर नव्हता, दळणाला आलेल्या एका म्हाताऱ्यानं तो बसायला ओढून घेतला होता. आईनं उजवा हात वर केला. बटन वीतभर वर राहिलं. डाव्या हातानं पदर ओढायला गेली आणि तो हातही आत गेला. म्हाताऱ्यानंच उठून बटन दाबलं. आई वाचली. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वर उचललेली, ताठ राहिली आहेत, वळत नाहीत.

तुम्ही तोवर गेला होतात. बरे सुटलात. मला यायचं होतं तुमच्याकडे, तिचा हात तुमच्या समोर धरून विचारायचं होतं की आता सांगा, डोळे झाकून सापडतं का. रीत तुमची सोळा आणे खरी होती, मग मोजताना फक्त पुरुषाचाच हात का मोजलात? घरात बायको नव्हती? तिला कधी दिवा मालवताना पाहिलं नाहीत? याचं उत्तर मला आजही पाहिजे, आणि तुम्ही आमच्या वर्गाच्या जुन्या फोटोत जाऊन बसला आहात.

तर तो छापील नकाशा मी काल खरडून काढला. फळीला काळा रंग दिला. खडू घरात नव्हता, पिठाला तोटा नाही. मुलीच्या हाताला ज्वारीचं पीठ फासलं, डोळे झाकायला लावले आणि म्हटलं, मार. जिथे बोटं उमटली तिथे खुणा केल्या. ओळी सरळ आल्या नाहीत. मधलं बोट लांब असतं म्हणून मधलं बटन थोडं वर सरकलं. येऊ दे वाकडं. दुसऱ्या खेळाडूची बाजू तिच्या मैत्रिणीसाठी ठेवली होती. तेवढ्यात आई चक्कीतून आली, हात पिठानं भरलेलेच. मुलगी म्हणाली, "आजी, तू बी मार." "मले काय करा लागते त्या खेळाचं," आई म्हणाली, पण पुढे झाली. मी म्हटलं, डावा ठेव. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि ठेवला. दोन बोटं टेकलीच नाहीत, फळीवर नुसती त्यांची जागा काळी राहिली. मी त्या बाजूला तीनच बटनं काढली आणि दांडी उजवीकडे घेतली. खेळ बंद करायचं लाल बटन समोरच्या काठाला, दोघींच्या मधोमध. आईनं डोळे झाकून चाचपलं. "पोचते बरं माहा हात," म्हणाली, आणि पदराला हात पुसत चहा ठेवायला गेली.

खुणा ठोकल्या तुमच्याच पंचानं. दुसरा कधी घेतला नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुमच्याशी भांडणं सोपं आहे, तुम्ही उलट बोलत नाही, हेही मला कळतं. तेव्हा एवढं लिहून उठते. चक्कीतला तो बोर्ड मी लावला होता, पास झाल्यावर पहिलंच काम म्हणून. आई शेजारी उभी होती. "थोडा खाली लाव वं माय," म्हणाली होती. मी स्टुलावरून मान न वळवता तिला म्हटलं होतं, चक्की माणूस चालवते. तिनं तो विषय पुन्हा कधीच काढला नाही, आणि मीही अजून तिला काही बोललेले नाही.