तीन नंबर कोर्टाची लांबी

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
क्रीडासंकुल कार्यालय.

विषय : टेनिस कोर्ट क्र. ३ ला विनापरवानगी कुलूप लावल्याचा खुलासा व कोर्ट क्र. २ तातडीने बंद करणेबाबत.

संदर्भ : आपली परवाची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. मी गेली एकवीस वर्षे संकुलात नेट बांधणे व रेषा आखणे ही कामे करतो. नोटिशीत 'अधिकार नसताना ढवळाढवळ' असे म्हटले आहे. त्याबाबत माझे म्हणणे सादर करतो.

२. मागील महिन्यात दोन सभासदांत वाद झाला. चेंडू रेषेला नुसता शिवला तरी तो आत धरतात, हा नियम दोघांनाही मान्य. पण रेषाच जागची हलली आहे, असे एकाचे म्हणणे पडले. मी टेप लावली. लांबी अठ्ठ्याहत्तर फूट हवी, ती एक इंच जास्त भरली. आपले साहाय्यक म्हणाले, "टेप ताणली असेल, नवी घ्या." नव्या टेपेने दीड इंच जास्त भरली.

३. मला हे काम निवृत्त प्रशिक्षकांनी शिकवले. ते सांगत, हा खेळ पूर्वी भिंतींच्या आत तळहाताने खेळत. रॅकेट मागाहून आली. गवतावर आला तेव्हा कोर्ट डमरूसारखे मध्ये आवळलेले असे. मग आयताचे माप ठरले. पुढे लाकडी रॅकेट गेली, पांढरा चेंडू पिवळा झाला, पण लांबी तीच राहिली. म्हणून त्यांनाच बोलावले. त्यांनी टेपेकडे पाहिलेच नाही. उताराकडचा बांध पाहून म्हणाले, "कोर्ट वाढत नाही रे. खालचा भराव चाललाय."

४. हे मी लेखी कळवले. 'रेषा मापाप्रमाणे पुन्हा आखाव्यात' असे उत्तर आले. आखल्या. पंधरा दिवसांत एकाच टोकाला तीन रेषा झाल्या. तिथे माझी मुलगी रोज सकाळी आठला लहान मुलांना शिकवते. ती हसत म्हणाली, "बाबा, हल्ली चेंडू वेचावे लागत नाहीत. सगळे आपापले त्या कोपऱ्यात जाऊन बसतात." मी तो कोपरा झाडून पाहिला, तर तिथे भेग पडली होती. तीत ओळंबा सोडला. अकरा फूट दोरी संपली, तळ लागला नाही.

५. सोमवारी मी नेट उतरवून कुलूप घातले. आपली नोटीस आली. वर्ग बंद पाडला म्हणून मुलीने अबोला धरला. काल सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तो कोपरा पंचांच्या उंच खुर्चीसकट खाली गेला. आवाज फारसा झाला नाही. धूळ मात्र बराच वेळ बसेना. आत कोणी नव्हते. माझा खुलासा एवढाच.

६. आता उद्यापासून वर्ग कोर्ट क्र. २ वर घेण्याचा आपला आदेश आहे. दोन्ही कोर्टांमध्ये फक्त जाळी आहे. आज तीन वेळा मोजले. क्र. २ ची लांबी अर्धा इंच जास्त आहे.

तरी अभियंत्यांनी पाहणी करेपर्यंत तेथे कोणासही सोडू नये, ही कळकळीची विनंती. सोळा मुले उद्या आठला येतील. क्र. २ लाही मी कुलूप घातले आहे. त्याबद्दल होईल ती कारवाई मान्य आहे. हा अर्ज फाटकाशी बसून लिहीत आहे. मुलगी शेजारी आहे. तिने तो वाचला, आणि माझ्या हातातून पेन घेतले.

आपले नम्र,
(सही) कोर्ट देखभाल कर्मचारी
(सही) प्रशिक्षिका, बालवर्ग

दिनांक : गुरुवार, सायंकाळी सहा

सोबत : मोजमापांची वही, भेगेची दोन छायाचित्रे.