नारंगी रेकॉर्ड

दादा,

मी बाबांले घेऊन इतवारीत त्या कबाडीवाल्याकडे चालली. भात कुकरमधी आहे, वरण गरम करून घेजो. कूलरमधी पाणी टाकजो.

तू आणलेली नवीन नारंगी रेकॉर्ड खोक्यात ठेवली आहे. बाबांसमोर लावू नको. तू हौसेनं मागवली, आवाजही एकदम साफ आहे. पण त्याच हिप्पीवाल्या सिनेमाची आपली जुनी काळी रेकॉर्ड तू रद्दीसंगं देऊन टाकली, हे बाबांले आज समजलं. विचारायचं तरी होतं गा.

तुले आठवते ना, जुनीवर तिसऱ्या गाण्यात सुई अडकायची अन् आई सैपाकघरातून पिठाच्या हातानं यायची, बोटानं हळूच सुई पुढं सरकवायची? ती गेल्यावरही बाबा रोज तेच गाणं लावायचे. सुई अडकली की सैपाकघराच्या दाराकडे पाहत बसायचे. आपल्याले वाटायचं, त्यांले आता ऐकूच येत नाही.

आज नवीनवर ते गाणं कुठंच न अडकता संपलं. बाबा म्हणाले, "आता तिले बाहेर यायचं कामच नाही उरलं."

वृंदा