एकशे बारा रेघा

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, जिना आता एकटीनं उतरते. तू मजेत असणारच. पेपरातल्या फोटोत गाल चांगलेच वर आलेत.

चित्र या खेपेला तुझ्या घरी न पाठवता थेट गॅलरीत पाठवलं. तिथल्या बाईंचा काल फोन आला, भिंतीवर लागलंसुद्धा.

तू म्हणाला होतास, शेवटची एक रेघ माझ्यासाठी सोड, उद्घाटनाला पाहुण्यांसमोर मी ओढीन. कल्पना छान. फक्त मी एक नाही, एकशे बारा सोडल्यात. सगळ्या मधल्या चौकोनात, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर. पट्टी चालायची नाही. 'पट्टीशिवाय, एका श्वासात' हे तुझ्याच मुलाखतीत छापून आलंय. पेन टेकलं की श्वास धरायचा, रेघ संपेपर्यंत सोडायचा नाही. एक हलली तरी चार महिन्यांचा कागद वाया. आणि तुझी रेघ दोन इंचांत वाकते, हे तुला नि मलाच ठाऊक.

नऊ वर्षांपूर्वी म्हणालास, "पहिलं प्रदर्शन माझ्या नावावर जाऊ दे, माझ्या ओळखी आहेत. पुढच्याला तुझं नाव घालू." मीही बावळट, हो म्हणाले. तुझं ते पुढचं काही उजाडलं नाही.

तेही गिळलं असतं रे. पण मागच्या वेळी त्या पत्रकारानं, या कोण, म्हणून विचारलं, तेव्हा तू हसत म्हणालास, "ही होय? माझी पेनं धुते." मी शेजारीच उभी होते, हातात तुझा कोट धरून. त्या दिवसापासून जीव जळतोय. हे चित्र खोक्यात बंद केलं तेव्हा कुठे बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, दुपारी छान झोपले.

आता शनिवारी दोनच वाटा. खुर्ची ओढून बस आणि रेघा पुऱ्या कर, नाहीतर माइक घेऊन सांग की हे सगळं कुणी काढलं. हात दुखावलाय वगैरे सांगत बसू नकोस. दादाचा हात ठणठणीत आहे, असं बाईंना कळवून ठेवलंय. मी पहिल्या रांगेत असेन. आईलाही आणतेय. करावं तसं भरावं, असं तीच म्हणते.

तुझी धाकटी बहीण

नाव मुद्दाम लिहीत नाही. ते शनिवारी तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.