तुंबलेला पाइप आणि फ्रीजरमधला डबा

रविवार, ३ मार्च

आज सकाळी सगळे चर्चसाठी कपडे करत होते, तेवढ्यात मी परसातलं कचऱ्याचं पिंप उपसलं. बाळाचे ओले वाइप्स शोधत होतो. चार-सहाच सापडले. मग बाकीचे जातात कुठे?

परसातल्या गटाराच्या जाळीतून पुन्हा मैल्याचं पाणी वर आलंय. सून मेलेआने, तोंगा बेटांवरची, राहायला येण्याआधी हे कधी झालं नव्हतं. मुलगा सेफो तिकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला खाणीवर कामाला. त्याला काय विचारणार?

दुपारी तापल्या दगडांवर भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधातले तारोचे कंद. जेवताना वास येतच होता. माझी बायको लुपे म्हणाली, "तोंगाच्या पोरींना फ्लश म्हणजे कचराकुंडीच वाटते."

मेलेआने हसली. "आणि सामोआच्या आयांना सिंक म्हणजे काय वाटतं? सगळी चरबी त्यातच."

मंगळवार, ५ मार्च

फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचा डबा आहे. त्यात नातीच्या जन्मावेळी पडलेली वार. मेलेआनेनं इस्पितळातून मागून आणली. सेफो सुट्टीवर आला की परसात पुरायची आणि वर झाड लावायचं. सेफोची मी पुरली, त्यावर हा आंबा लावला, तेव्हा रोप वीतभर होतं. जिथे वार, तिथली ती जमीन माणसाची. ब्रिस्बेनमध्ये माझं असं तेवढंच आहे.

आज डबा खालून वर आलेला दिसला. कशाला हलवला असेल?

गुरुवार, ७ मार्च

संडासाच्या दाराबाहेर उभा होतो. आत मेलेआनेनं दोनदा पाणी ओढलं. दोनदा कशाला?

दार उघडलं. "आत येऊन बघायचंय का, बाबा?"

"वाइप्स यात टाकतेस का, एवढंच सांग."

"लंगोटांबरोबर पिशवीत बांधून टाकते. पिंप उपसलंत, तशी पिशवीही सोडायची होती."

म्हणजे तिनं पाहिलं होतं! संध्याकाळच्या प्रार्थनेत ती गायली नाही. तरी मनात येतंच — पिशवीचं खरं कशावरून?

शनिवार, ९ मार्च

तोंगाची भाषा मला थोडी कळते. फोनवर आईशी बोलताना 'सिडनी' आलं, 'डबा' आलं. मी विचारलं.

"पुढच्या शनिवारी भाऊ गाडी घेऊन येतोय. वार आईच्या परसात पुरेन. तिथे माझा कचरा कोणी उपसत नाही."

ती गेल्यावर लुपे म्हणाली, "म्हाताऱ्या, नात तिकडची होईल. बोल काहीतरी."

मी प्लंबरचा नंबर शोधायला लागलो.

सोमवार, ११ मार्च

प्लंबर आला. पाइपात कॅमेरा सोडला. पडद्यावर केसांच्या जटांसारखी मुळं. जुना मातीचा पाइप, त्याच्या सांध्यांतून आत शिरलेली. त्यांत चरबी अडकून पांढरी घट्ट झालेली.

"आणि वाइप्स?" मी विचारलं.

"एकही नाही. मुळं आंब्याची आहेत. आज कापून देतो, पण झाड आहे तोवर परत येणार. आणि सिंकमध्ये चरबी ओतणं बंद करा."

लुपेला एकदम भांडी आवरायची आठवण झाली. मेलेआने बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. टोमणा मारील वाटलं. मारला असता तर बरं होतं.

मंगळवार, १२ मार्च

सेफोला फोन केला. आंब्याचं सांगितलं, पिंपाचंही.

"मला काय झाडाला बांधलंय, बाबा? वार मातीत गेली, ती कुठे जातेय? तोडा. पण माझ्या पोरीची सिडनीला गेली, तर ते मात्र मी विसरणार नाही."

प्रार्थनेला गुडघे टेकले.

गुरुवार, १४ मार्च

करवतीला धार लावली. झाडाखाली उभा राहिलो आणि परत आलो.

शनिवार, १६ मार्च

आंबा तोडला. नातीच्या वारेवर लावायच्या लिंबासाठी मागच्या कुंपणाशी खड्डा खणला. तिचा भाऊ गाडीत बसून होता, सामान चढलेलं. हात न धुताच तिच्यासमोर गेलो आणि म्हटलं, "मी चुकलो, पोरी."

ती आत गेली. डबा घेऊन बाहेर आली. गाडीपाशी न थांबता पुढे, खड्ड्यापाशी. आत वाकून पाहिलं.

"इथून पाइप जात नाही ना, बाबा?"