शुक्रवारी मला दाखवलेल्या आतड्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
आतडेविकार संशोधन संस्था,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

विषय : माझ्या मयत मुलाच्या आतड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी केव्हा टाकून दिल्या व त्यानंतर मला कोणाच्या पेशी दाखवण्यात आल्या, याचा खुलासा मिळणेबाबत.

संदर्भ : माझा यापूर्वीचा अर्ज व त्यावरील आपले 'नोंद घेतली आहे' असे उत्तर.

महोदय,

१. मी पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आहे. लोकांचे अर्ज वाचण्यात माझी हयात गेली. 'नोंद घेतली आहे' हे वाक्य कोणत्या अर्जांवर लिहितात हे मला चांगले ठाऊक आहे, म्हणून हा दुसरा अर्ज सादर करीत आहे.

२. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचे काम करीत असे. लहानपणी दुधावरची साय चोरून खाई, त्यावरून घरात त्याला बोका म्हणत. आपल्या संस्थेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली असता आत अडकलेल्या एका संशोधक बाईंना त्याने बाहेर काढले आणि पुढे त्याच माझ्या सूनबाई झाल्या, ही हकीकत आपल्या कार्यालयात सर्वांना माहीत आहे. लग्नानंतर लवकरच त्याला आतड्याचा विकार जडला. आतल्या आत जखमा होत, भरून येत, पुन्हा उघडत. तपासणीच्या वेळी काढलेला आतड्याचा कणभर तुकडा सूनबाईंनी त्याच्या संमतीने आपल्या प्रयोगशाळेत वाढवायला घेतला. सही करताना तो म्हणाला होता, "माझ्याजवळ असताना यानं मला कधी सुखानं जेवू दिलं नाही. बघू, तुझ्याकडे तरी नीट वागतंय का." औषधे आधी त्या पेशींवर वापरून पाहावीत आणि लागू पडेल ते त्याला द्यावे, असा बेत होता. बेत पुरा व्हायला सवड मिळाली नाही. ऑपरेशननंतर तो गेला.

३. त्यानंतर काही आठवड्यांनी सूनबाई मला आपल्या संस्थेत घेऊन गेल्या व सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. आत पाण्यातल्या बुडबुड्यांसारखे गोळे होते आणि त्यांना कडेने कोंब फुटले होते. सूनबाई म्हणाल्या, "आई, हे त्याचंच आहे. जिवंत आहे." मी विचारले, शरीराबाहेर इतके दिवस बशीत वाढलेले ते अजून त्याचेच कसे? तेव्हा त्यांनी मला माझ्या खात्याच्या भाषेत समजावले. "सगळ्या पेशींत नळांचं जाळं एकच असतं, आई. कोणता व्हॉल्व्ह उघडा आणि कोणता बंद, याची त्यावर सीलं मारलेली असतात. त्यांना आम्ही एपिजेनेटिक खुणा म्हणतो. पेशी बाहेर काढल्या, वाटून वाटून वाढवल्या, तरी ही सीलं टिकतात. लहान आतड्याचा तुकडा लहान आतडंच राहतो. माणूस आजारी असेल तर त्या आजाराची खूणही जपून ठेवतो."

मी विचारले, "म्हणजे विसरत नाहीत?"

"नाही विसरत," असे त्या म्हणाल्या. हे शब्द मी पदरचे घालीत नाही.

४. तेव्हापासून मी दर शुक्रवारी येत गेले. आपल्या कर्मचाऱ्यांनी मला स्टूल दिले, भिंग जुळवून दिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कोणी जवळपास नसताना मी त्या बशीशी बोलत असे. त्याच्या वडिलांचे गुडघे, समोरच्यांनी अंगणात आणून बांधलेले कुत्रे, त्याच्या जुन्या मुकादमाला झालेली नात, असे सगळे. कोंब भरपूर दिसले तर घरी जाऊन सांगत असे, "आज बरा होता." त्याचे वडील कधी आले नाहीत आणि मला कधी अडवलेही नाही. माझी मुलगी परगावी असते. तिने आम्हा दोघांसाठी खोली रिकामी करून ठेवली होती, पण मी शुक्रवार सोडायला तयार नव्हते. "आई, तू एका बशीसाठी अडून बसली आहेस," असे ती म्हणाली, त्यावरून मी पोटच्या पोरीशी अबोला धरला. हे वाचून आपणांस हसू येत असल्यास यावे, माझी हरकत नाही.

५. गेल्या महिन्यात आपल्या संस्थेत सर्वांसाठी खुली व्याख्याने झाली. सूनबाई बोलणार आहेत हे मी फाटकावरच्या फलकावर वाचले. त्यांनी मला सांगितले नव्हते. भिडस्त स्वभाव आहे, म्हणून सांगितले नसेल असे समजून मी कौतुकाने शेवटच्या रांगेत जाऊन बसले. विषय तोच होता, की प्रयोगशाळेत वाढलेल्या आतड्यावरच्या खुणा टिकतात की नाही. बहुतेकांच्या टिकतात, असे त्यांनी सांगितले. मग त्या म्हणाल्या, "पण एका रुग्णाच्या टिकल्या नाहीत. तरुण पुरुष, शस्त्रक्रियेनंतर दगावलेला. त्याच्या पेशींवरची सीलं एकेक करून सुटत गेली. त्या आतड्यासारख्या वागेनाशा झाल्या. तो संच आम्ही मागच्या हिवाळ्यात नष्ट केला." इथे त्या पाणी प्यायला थांबल्या. आजूबाजूचे लोक खाली मान घालून लिहून घेत होते.

महोदय, मागचा हिवाळा, त्यानंतरचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा मी शुक्रवार चुकवलेला नाही.

६. व्याख्यानानंतर जिन्यात मी सुनेला गाठले. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "त्याच्या पेशी टाकल्या त्या शुक्रवारी तुम्ही इतक्या आनंदात आलात, की मला सांगवेना. दुसऱ्याची बशी ठेवली. वाटलं, पुढच्या खेपेला सांगू." मी विचारले, "मग मी बोलत होते ते कोणाशी?" त्यावर ती म्हणाली, "ते सांगता येत नाही, आई. रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते."

हा नियम मला मान्य आहे. नियम पाळणाऱ्या माणसाबद्दल मला आयुष्यभर आदर वाटत आला. परंतु परक्या माणसाला दिलेला शब्द जिला इतका पाळता येतो, तिला माझ्याशी एक वाक्य खरे बोलता येऊ नये, हे मला अद्याप उमगलेले नाही. मुलगा गेला तेव्हा या मुलीने माझे डोके मांडीवर घेतले होते. मी तिला सून मानले नव्हते, लेक मानले होते. घरी आल्यावर हे सगळे मी त्याच्या वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "माझा एकदाच गेला. तुझा दोनदा गेला."

७. सबब, विनंती की :

(अ) माझ्या मुलाच्या पेशी कोणत्या तारखेस नष्ट केल्या, हे लेखी कळवावे. एका मृत्यूची तारीख माझ्यापाशी आहे, दुसरीही असावी.

(आ) ज्यांच्या पेशी मला दाखवल्या त्यांचे नाव मागत नाही. ती व्यक्ती हयात आहे काय, एवढेच 'होय' किंवा 'नाही' असे कळवावे. हयात असल्यास, कोणी एक बाई आपल्या आतड्याला घरच्या बातम्या सांगून गेली, याबद्दल त्या व्यक्तीने राग मानू नये.

(इ) सुनेवर कोणतीही कारवाई करू नये. तिची शिक्षा मी देते आहे. ती दारात येऊन उभी राहते, मी दार उघडत नाही.

८. तिने दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीवरून असे समजते की, मुलगा हयात असताना गोठवून ठेवलेली त्याच्या पेशींची एक कुपी आपल्याकडे शिल्लक आहे, खुणा पुसल्या जाण्याआधीची. त्यातल्या पेशी वितळवून, वाढवून मला दाखवण्याची तिची तयारी आहे आणि त्यासाठी तिने आपली परवानगी मागितली आहे. माझी विनंती आहे की मला दाखवण्यासाठी ती कुपी उघडू नये. त्यातले कोंब अगदी त्याचेच असले तरी भिंगाला डोळा लावून मला आता ते कळणार नाही. पूर्वीही कळले नव्हते. त्या वेळी निदान विश्वास होता.

मात्र तो तुकडा त्याने कामासाठी दिला होता, तेव्हा ती कुपी कामासाठी जरूर उघडावी. त्याच्याच पेशी का विसरल्या, याचा शोध सुनेनेच घ्यावा, तिच्याइतके जीव लावून ते कोणी करणार नाही. आणि जे निघेल ते तिने सभागृहात, लोकांसमोर सांगावे. तिथे ती खरे बोलते. मला तारीख कळवावी, मी येऊन बसेन.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
अर्जदार, मयत लिफ्ट मेकॅनिकची आई

दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत : शुक्रवारचा प्रवेश पास, परत.